मांडव कोणाचा?

इ. स. १८९५ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभेचें अकरावें अधिवेशन पुण्यास भरलें. दहा वर्षांपूर्वीं पहिलेंच अधिवेशन या शहरीं व्हावयाचें होतें. परंतु पटकीची सांथ उद्भवल्यामुळें तें ऐन वेळीं मुंबईस न्यावें लागलें. तेव्हां हुकलेला मान आतां पदरीं पडत होता, आणि पुणेंकर तो एकदिलानें साजरा करतील अशी अपेक्षा कोणीही केली असती. घडलें तें निराळेंच. अधिवेशनापूर्वीं शहरांत जो वाद माजला तो करांविषयीं नव्हता, कीं लष्करी खर्चाविषयीं नव्हता. तो होता मांडवाविषयीं.

१८८७ सालीं मद्रासेस सामाजिक परिषद सुरू झाल्यापासून राष्ट्रीय सभेचें काम संपलें म्हणजे त्याच मांडवांत ही परिषद भरावी, असा परिपाठ पडला होता. न्यायमूर्ति रानडे हे तिचे प्राण. पुण्यांतील विरोधकांनीं या परिपाठास हरकत घेतली. राष्ट्रीय सभेचा मांडव सुधारकांना मिळतां कामा नये, असा त्यांचा आग्रह होता; मांडव दिल्यास तो जाळून टाकूं, येथपर्यंत कांहींची भाषा गेली.

जाळपोळीची भाषा बाजूस ठेविली तर विरोधकांचें म्हणणें अगदींच टाकाऊ होतें असें नाहीं. टिळकांच्या पक्षाचा मुद्दा असा कीं, राष्ट्रीय सभा ही सर्वांची. तिला वर्गणी देणाऱ्यांत सुधारक जसे आहेत तसे सनातनीही आहेत, आणि सनातन्यांची संख्या पुष्कळच मोठी. त्यांच्या पैशानें उभारलेल्या मांडवांत त्यांच्याच आचारावर टीका होऊं लागली, तर सामान्य जनता सभेपासून दूर जाईल. उलट सुधारकांचें म्हणणें असें कीं, परिषद कोणावर सक्ती करीत नाहीं; ज्यास ऐकावयाचें नसेल त्यानें उठून जावें. मांडव वापरूं देणें म्हणजे आंत बोलल्या जाणाऱ्या मतांस संमति देणें नव्हे.

या भांडणाचें मूळ समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांतील अब्रुनुकसानीच्या खटल्यांत टिळक आणि आगरकर या दोघांनाही शिक्षा झाली, व त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. त्या कोठडींतही त्यांचे वाद चालत आणि आवाज चढत. पण वाद करणारे दोघे एकाच कोठडींत होते, एकाच कामासाठीं तेथें गेले होते, आणि बाहेर आल्यावर त्याच कामास पुन्हां लागले. पुढें वादांना निराळें वळण लागलें. केसरीचे संपादक आगरकर होते, परंतु चालकांपैकीं बहुतेकांना त्यांचीं सामाजिक मतें रुचत नव्हतीं. सामायिक मालकीच्या पत्रांत अल्पमतानें आपलें मत कितपत मांडावें, हा मांडवाचाच प्रश्न त्या वेळीं कागदावर उभा राहिला होता. १८८७ मध्यें आगरकरांनीं संपादकत्व सोडलें आणि पुढल्या वर्षीं ‘सुधारक’ काढलें. त्याची किंमत त्यांनीं पुरेपूर दिली. त्यांच्या जिवंतपणींच विरोधकांनीं त्यांची प्रेतयात्रा काढली.

मतभेदास खरी धार आली ती संमतिवयाच्या कायद्यानें. कलकत्त्यांतील एका बालवधूच्या मृत्यूनें हा प्रश्न देशापुढें आणला, आणि मार्च १८९१ मध्यें संमतीचें वय दहावरून बारा करण्यांत आलें. टिळकांनीं या कायद्यास कसून विरोध केला. बालविवाह त्यांना इष्ट वाटत होता म्हणून नव्हे. मुलींचीं लग्नें सोळा वर्षांपूर्वीं करूं नयेत असें सुधारकांनीं आपल्यापुरतें बंधन घालून घ्यावें, अशी सूचना त्यांनीं स्वतःच केली होती. परक्या सरकारनें आमच्या घरांत हात घालूं नये, समाजानें आपली सुधारणा आपण करावी, हें त्यांचें म्हणणें. आगरकरांनीं कायद्याची बाजू घेतली. व्यक्तीचें हित समाजाच्या रूढीखालीं चिरडलें जात असेल, तर रूढीला कायद्यानें आवर घालणें न्याय्य होय, हें त्यांचें म्हणणें.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. दोन्ही पक्ष स्वातंत्र्याचेंच नांव घेत होते. एकाच्या डोळ्यांपुढें परतंत्र समाज होता. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें त्या समाजांतील दहा वर्षांची मुलगी होती. समाजाचें स्वातंत्र्य लहान गोष्ट नव्हे. पण ज्या मुलीला बोलण्यास ना मांडव होता ना वर्तमानपत्र, तिच्या वतीनें बोलणाऱ्याचें तोंड बंद करून तें मिळवावयाचें असेल, तर तें कोणाचें स्वातंत्र्य, हा प्रश्न उरतोच. आमच्या मतें कायद्याच्या प्रश्नावर आगरकरांची बाजू सरस होती. परंतु ती तशी नसती, तरी ती मांडण्याचा त्यांचा अधिकार तिळभरही कमी झाला नसता.

आगरकर १७ जून १८९५ रोजीं वारले. मांडवाचें भांडण विकोपास गेलेलें पाहण्यास ते राहिले नाहींत. रानड्यांनीं शेवटीं मांडवावरील हक्क सोडला, आणि परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारांत भरविली. टिळक आणि आगरकर यांनीं जी संस्था एकत्र उभारली, त्याच संस्थेच्या आवारांत ती भरावी, हा योगायोग मन विषण्ण करणारा आहे. रानड्यांची ही माघार दुबळेपणाची होती, असें म्हणणारे तेव्हांही होते. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांनीं जागा सोडली, मत सोडलें नाहीं. आणि राष्ट्रीय सभेचें अधिवेशन पुण्यांत मोडूं दिलें नाहीं. मात्र त्यांचा संयम कितीही थोर असला, तरी धमकीपुढें हक्क सोडावा लागला ही गोष्ट त्यानें झांकत नाहीं. एकदां एका मांडवांत असें घडलें, म्हणजे त्याची वाट इतरांना माहीत होते.

बारा वर्षांनीं सुरतेस हेंच दिसलें. १९०७ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभेच्या मांडवांत बहुमत नेमस्तांचें होतें, आणि आतां अल्पमतांत टिळक होते. आपली उपसूचना मांडण्यासाठीं ते व्यासपीठावर चढले; अध्यक्षांनीं त्यांस बोलूं दिलें नाहीं. मग जोडा फेंकला गेला, खुर्च्या उडाल्या, पोलिसांनीं मांडव मोकळा केला. तो जोडा ज्यांना लागला त्यांत पुण्याच्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी हेही होते. दुभंगलेली सभा पुन्हां एका मांडवांत येण्यास १९१६ चें लखनौ उजाडावें लागलें.

आम्ही हा इतिहास कोणास दोष देण्यासाठीं सांगत नाहीं. ज्यांनीं १८९५ मध्यें मांडव नाकारला त्यांच्याच पुढाऱ्यास १९०७ मध्यें मांडवांत बोलतां आलें नाहीं. आणि ज्यांनीं १९०७ मध्यें तोंड बंद केलें, त्यांत १८९५ मध्यें अन्याय सोसलेल्या पक्षाचे लोकही होते. बहुमत हें भाड्याचें घर आहे. आज ना उद्यां तें सोडावें लागतें. म्हणून आपण घरांत असतां पाहुण्याशीं जसें वागतों, तसेंच आपल्याशीं वागलें जाईल हें धरून चालावें. आगरकर वारल्यावर टिळकांनीं केसरींत जो मृत्युलेख लिहिला, त्यांत जुना स्नेह पुन्हां उचंबळून आला. तो वाचतांना मनांत येतें कीं, मित्राचा मोठेपणा कबूल करण्यास त्याच्या चितेची वाट पाहावी लागूं नये. डोंगरीच्या कोठडींत जें त्या दोघांना साधलें होतें, तें बाहेरच्या मोठ्या मांडवांत साधणें कठीण असेल. अशक्य मात्र नव्हे.