शब्दकोड्यांचें द्यूत आणि वर्तमानपत्रें

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत जुन्या इंग्रजी साप्ताहिकांच्या बांधीव फाइली आहेत. १९४० च्या सुमाराचे अंक उघडले म्हणजे कित्येक पानांस चौकोनी खिडक्या पडलेल्या दिसतात. हें काम कसरीचें नव्हे, कात्रीचें आहे. शब्दकोड्याचें कूपन कापून प्रवेशफीसह धाडावयाचें असे. आणि ग्रंथालयाचा अंक आपल्या मालकीचा नाहीं, एवढा विवेक बक्षिसाच्या आशेपुढें टिकत नसे. कूपनाबरोबर पाठीमागचा मजकूरहि गेला. महायुद्धावरील एका चांगल्या लेखाचा मधला भाग आम्हांस यामुळें कधींच वाचावयास मिळाला नाहीं.

या खिडक्यांची आठवण आम्हांस २०२५ च्या ऑगस्टांत झाली. पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा त्या महिन्यांत संसदेनें संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. त्यावर अग्रलेख आले. कोणीं स्वागत केलें, कोणीं सरसकट बंदी नको असें म्हटलें. परंतु द्यूतानें घरें कशीं बुडतात हें दोन्ही पक्षांनीं गंभीरपणें लिहिलें. या व्यवहारांत आपण स्वतः कोण होतों, याचा उल्लेख मात्र आमच्या वाचण्यांत आलेल्या लेखांत कोठें नव्हता. वर्तमानपत्रांनीं द्यूताचें चित्र कसें रेखाटलें असा प्रश्न हल्लीं पुष्कळ विचारला जातो. पण प्रश्न अशा रीतीनें मांडला म्हणजे वर्तमानपत्र हा नुसता चित्रकार ठरतो. इतिहास पाहिला तर तो पुष्कळदां फडाचा मालक होता आणि त्याहून अधिक वेळां फडाच्या दारावरचा दवंडीवाला होता.

ही रीत विलायतेंतून आली. १८९२ सालीं लंडनच्या 'पियर्सन्स वीकली' या साप्ताहिकानें गाळलेला शब्द ओळखण्याची स्पर्धा चालविली. एक शिलिंग धाडावें, शब्द भरावा, आणि जमलेली रक्कम बरोबर उत्तर देणारांनीं वांटून घ्यावी, असा तो खेळ. वर्षाअखेरीच्या स्पर्धेस चार लाखांहून अधिक उत्तरें आलीं. न्यायालयानें ती लॉटरी ठरविली आणि खेळ बंद पडला. तथापि तोंवर एक गोष्ट सर्व संपादकांच्या ध्यानांत आली होती : वाचक बातमीसाठीं एक अंक घेतो, आणि कूपनासाठीं चार घेतो.

आमच्याकडे शब्दकोड्यांचें वेड फैलावलें तें याच रहस्यावर. तें कोडें आजच्या रविवारच्या कोड्यासारखें निरुपद्रवी नसे. उदाहरण आम्हींच रचून देतों. 'परक्या गांवांत माणसास ही हटकून गांठते', दोन अक्षरें, पहिलें 'भू'. उत्तर 'भूक' कीं 'भूल'? दोन्ही शब्द चपखल बसतात. खरें उत्तर कोणतें, तर संपादकानें मोहोरबंद लखोट्यांत घालून ठेवलें असेल तें. अशीं दहाबारा घरें असलीं म्हणजे भाषेचा मोठा पंडितहि नाणें उडविणाराच्या पायरीवर येतो. पण भरणारास वाटे कीं आपण डोकें चालवीत आहोंत. आणि शेजाऱ्यांसहि तसेंच वाटे. पत्त्यांचा डाव चोरून मांडावा लागे. कोडें मात्र दिवाणखान्यांत, शब्दकोश पुढें घेऊन, मुलांच्या देखत सोडवितां येई. शिकल्यासवरल्या मध्यम वर्गास पचेल असें द्यूताचें हें पहिलें रूप, असें आम्हांस वाटतें.

मुंबई सरकारनें १९४८ सालीं लॉटऱ्या व बक्षिसांच्या स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. त्यांत एक मोठें भगदाड होतें : प्रांताबाहेर छापून प्रसिद्ध होणाऱ्या वर्तमानपत्रांतील स्पर्धा त्यांतून वगळल्या होत्या. 'स्पोर्टिंग स्टार' हें साप्ताहिक बंगळुरास छापलें जाई. त्यांतील 'आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स' या कोड्यांस मुंबई राज्यांत मोठें गिऱ्हाईक होतें; प्रवेशपत्रें व फी गोळा करण्याचीं ठिकाणें येथेंच होतीं. छापखाना तेवढा परराज्यांत. १९५२ सालीं कायदा दुरुस्त करून सरकारनें हें भगदाड बुजविलें, तेव्हां चालक न्यायालयांत गेले. आपला धंदा हा घटनेनें रक्षिलेला व्यापार आहे, आणि मुंबईस बंगळुरावर कर बसवितां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. उच्च न्यायालयांत सरकार हरलें. परदेशांत यंत्रें ठेवून येथल्या खेळाडूंकडून पैसे घेणाऱ्या हल्लींच्या सट्टेवाल्यांची युक्ति नवी आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हा खटला अवश्य वाचावा.

सर्वोच्च न्यायालयानें ९ एप्रिल १९५७ रोजीं निकाल फिरविला. सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनीं ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तापासून महाभारत, मनु, याज्ञवल्क्य व कौटिल्य यांपर्यंत धांडोळा घेतला आणि द्यूत हा व्यापारच नव्हे, सबब त्यास व्यापाराचें घटनात्मक संरक्षण नाहीं, असें ठरविलें. या पुराव्यांत एक गंमत आहे. मनूनें द्यूत राज्यांतून हांकून द्यावें असें सांगितलें खरें. पण याज्ञवल्क्य व कौटिल्य यांनीं तें राजाच्या देखरेखीखालीं चालवून त्यांतून राजाचा भाग घ्यावा, असें म्हटलें. म्हणजे बंदी कीं कर, हा वाद आपल्याकडे निदान दोन हजार वर्षें शिळा आहे. कौटिल्याच्या काळीं वर्तमानपत्रें नव्हतीं, म्हणून त्यांच्या भागाचा प्रश्न तेवढा निघाला नाहीं.

त्याच दिवशीं त्याच पक्षकारांच्या दुसऱ्या खटल्याचाहि निकाल लागला, आणि पुढील इतिहासावर त्याचा परिणाम अधिक झाला. १९५५ च्या केंद्रीय कायद्यानें बक्षिसांच्या स्पर्धांस महिन्यास १००० रुपयांची व २००० प्रवेशपत्रांची मर्यादा घातली होती. न्यायालयानें तो कायदा उचलून धरला, पण ज्या स्पर्धेंत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असतें ती या कायद्याच्या कक्षेंत येत नाहीं, असें सांगितलें. द्यूतास कुलूप लावलें आणि किल्ली 'कौशल्य' या शब्दांत ठेवली. १९६७ सालीं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, १९९६ सालीं घोड्यांच्या शर्यती ठरल्या, आणि २०१७ सालीं पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानें क्रिकेटच्या काल्पनिक संघांचा ऑनलाइन खेळहि त्याच रांगेंत बसविला. या निकालांच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाहीं. तो कायदेपंडितांचा प्रांत. भाषेच्या शिक्षकास दिसतें तें इतकेंच, कीं न्यायालयाचा एक पारिभाषिक शब्द पुढें जाहिरातींत बढाई म्हणून वावरूं लागला.

मधल्या काळांतील मटक्याविषयीं येथें फार लिहिण्याचें कारण नाहीं. न्यूयॉर्कहून तारेनें येणाऱ्या कापसाच्या भावांवर मुंबईंत पैसे लागत. १९६१ सालीं ते भाव येणें बंद झाल्यावर मडक्यांतून चिठ्ठ्या काढण्याची पद्धत पडली. मटका हा गिरणगांवाचा, म्हणून त्याचें चित्र पोलिसी वार्तेचें. धाड, अटक, अड्डा. कोडीं सोडविणारा कारकून मात्र 'वाचक' म्हणून ओळखला गेला, जुगारी म्हणून कधींहि नाहीं. द्यूताचें नांव खेळणाराच्या वर्गावरून बदलतें, ही संवय आमच्या वर्तमानपत्रांस तेव्हांच लागली.

ऑनलाइन खेळ आले तेव्हां ती उपयोगी पडली. 'जुगार' हा शब्द आंतल्या पानावर राहिला आणि पहिल्या पानावर 'गेमिंग' आला. उद्योगाच्या पानावर भांडवल, रोजगार आणि परकीय गुंतवणूक. क्रीडेच्या पानावर २०२० सालच्या आयपीएलचें नामाभिधान २२२ कोटींस, आणि २०२३ सालीं भारतीय संघाच्या छातीवरील नांव ३५८ कोटींस घेणारी कंपनी. आणि जिल्ह्याच्या पानावर कर्जबाजारी तरुणाची चार ओळींची बातमी. हीं तीन पानें एकाच अंकांत असत, पण एकमेकांशीं बोलत नसत. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें परीक्षेच्या फीचे पैसे अशा खेळांत घालविले. विचारलें तेव्हां तो शरमेनें नव्हे, आश्चर्यानें म्हणाला, "सर, पेपरांत रोज येतें, मग जुगार कसा?" त्यास द्यावयाचें उत्तर आम्हांस तेव्हां सुचलें नाहीं.

सरकारनें इशारे दिले नाहींत असें नाहीं. २०२० च्या डिसेंबरापासून अशा जाहिरातींत आर्थिक धोक्याची व व्यसनाची सूचना द्यावी, छापील जाहिरातींत तिनें २० टक्के जागा व्यापावी, आणि खेळ हें उपजीविकेचें साधन म्हणून दाखवूं नये, असा नियम जाहिरातदारांच्याच संस्थेनें घातला व मंत्रालयानें उचलून धरला. २०२२ च्या जूनांत सट्ट्याच्या जाहिराती घेऊं नयेत असें माहिती व प्रसारण मंत्रालयानें कळविलें. तेव्हां सट्टेवाल्यांनीं सट्ट्याच्याच नांवाचीं बातम्यांचीं संकेतस्थळें काढून त्यांची जाहिरात सुरू केली. त्याविरुद्ध त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पुन्हां पत्रक निघालें. वर्तमानपत्र एके काळीं कूपन छापून जुगाराचें अंगण झालें होतें. आतां जुगारानेंच वर्तमानपत्राचा वेष घेतला. आणि ६ एप्रिल २०२३ च्या पत्रकांत तर मंत्रालयानें प्रमुख इंग्रजी व हिंदी दैनिकांनीं सट्ट्याच्या जाहिराती छापल्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. ही बातमी त्या दैनिकांनीं कोणत्या पानावर घेतली, तें कोणी अभ्यासकानें शोधून काढण्यासारखें आहे.

२०२५ च्या कायद्यानें कौशल्य व दैव हा भेदच पुसला, आणि जाहिरात करणारासहि दोन वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड ठेवला. महिना संपण्यापूर्वीं भारतीय संघाच्या छातीवरील नांव गेलें. कायद्यास आव्हान देणारे अर्ज न्यायालयांत गेले आहेत. १९५७ चे दोन्ही निकाल तेथें पुन्हां उघडले जातील यांत संशय नाहीं.

आमची तक्रार निराळीच आहे. या काळाचा इतिहास लिहावयाचा तर अग्रलेख आणि जाहिरात एकाच पानावर पाहावी लागेल. परंतु वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर जुना लेख शोधला तर नुसता मजकूर मिळतो. त्या दिवशीं शेजारीं काय छापलें वा झळकलें होतें तें नाहींसें झालेलें असतें. आमच्या ग्रंथालयांत कूपन गेलें आणि लेखास भोंक पडलें. येथें लेख शाबूत आहे आणि कूपन गेलें आहे. ज्या ग्रंथालयांत २०१८ ते २०२५ पर्यंतच्या छापील दैनिकांच्या फाइली अद्याप शिल्लक असतील, त्यांनीं त्या जागेच्या अडचणीस्तव रद्दींत घालूं नयेत, एवढी आमची विनंति आहे.