घरगुती चित्रपट-प्रक्षेपक : फितींची अनुरूपता

जुन्या घरगुती प्रक्षेपकावर कोणती फीत चालेल, हे केवळ रुंदीवरून ठरत नाही. छिद्रांचे माप आणि त्यांतील अंतर अधिक महत्त्वाचे. 1932 ची साधी 8 मिमी. आणि 1965 ची सुपर 8 या फिती रुंदीला सारख्याच. पण छिद्रांतील अंतर पहिलीत 3.81, तर दुसरीत 4.23 मिमी. सुपर 8 ची छिद्रे लहान, म्हणून चित्र मोठे. एकीच्या यंत्रात दुसरी घातली की छिद्रे फाटतात. दोन्ही चालवणाऱ्या यंत्रांत तशी अदलाबदलीची सोय असते. फुजीची सिंगल 8 मात्र सुपर 8 च्या यंत्रावर चालते. पाथेच्या 9.5 मिमी. फितीला (1922) छिद्रे मधोमध. तिचे यंत्रच निराळे.

खरा घात 16 मिमी.मध्ये (1923) होतो. मूक फितीला बहुधा दोन्ही कडांना छिद्रे, बोलक्या फितीला एकाच कडेला; दुसरीकडे ध्वनिपट्टी. दुहेरी दात्यांचे मूक यंत्र ती पट्टीच चावून काढते. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट 16 मिमी.च्या बोलक्या प्रतींवर खेडोपाडी फिरत. कर्नाटकातल्या भालकी-आळंदकडच्या एखाद्या माळ्यावर असे रीळ निघाले, तर आधी कडा पाहाव्यात. व्हिनेगरचा वास आला तर ते यंत्रावर चढवूच नये; कारण फितीचे अ‍ॅसिटेट विघटित होऊन आकसू लागलेले असते.