पत्त्यात किती आकडे?

शाहूपुरीतला पत्ता सांगायची एक रीत आहे. आधी गल्ली सांगायची, पहिली, दुसरी की तिसरी. मग ‘ई वॉर्ड’ आणि सिटी सर्व्हेचा नंबर. प्लॉटची वाटणी झाली की नंबरापुढे तिरकी रेघ मारून पोटनंबर येतो. शाहू महाराजांनी १८९५ साली ही व्यापारपेठ वसवली, तेव्हा एका प्लॉटवर पुढे किती बिऱ्हाडं येतील याचा हिशेब कोण करणार होतं? पण कागदावर आणखी एक रेघ मारायला जागा असते. संगणकातल्या पत्त्याला मात्र ठरावीक घरंच मिळतात. जास्तीचा आकडा आला तर तो गुपचूप गळून पडतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याचा इतिहास बऱ्याच अंशी ही घरं अपुरी पडण्याचा आहे.

इंटेलच्या ८०८६ चिपने (१९७८) वॉर्ड आणि नंबरासारखीच युक्ती केली होती. १६ बिटांत ६५,५३६ पत्तेच मावतात. म्हणून दोन आकडे एकत्र करून २० बिटांचा पत्ता बनवला आणि मर्यादा १ एमबीवर गेली. ८०३८६ (१९८५) ३२ बिटांचा होता, म्हणजे ४ जीबी. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये लिनक्स याच चिपवर लिहायला घेतलं. घरच्या संगणकात तेव्हा काही एमबी मेमरी असे. ४ जीबी कधी भरेल असं कुणाला वाटणार? मेमरीचा पत्ता साध्या पूर्णांकात ठेवला जाई आणि ते पुरतही होतं.

पुढे पेंटियम प्रो (१९९५) आला. त्यात रॅमचा खरा पत्ता ३६ बिटांचा, म्हणजे ६४ जीबीपर्यंत झाला. प्रोग्रामला दिसणारा पत्ता मात्र ३२ बिटांचाच राहिला. इथे दोन पत्त्यांची फारकत झाली. ५ जीबीवरचा खरा पत्ता ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवला, की वरचे बिट गळतात आणि तो १ जीबीवरचा पत्ता होतो. मग लेखन होतं दुसऱ्याच्याच जागेत. मशीन तक्रारही करत नाही. फाइल बिघडलेली कळते ती खूप नंतर.

दुसरी अडचण जागेची होती. ४ जीबीपैकी ३ जीबी प्रोग्रामला आणि १ जीबी कर्नलला, अशी लिनक्समधली नेहमीची वाटणी. त्या १ जीबीतून कर्नलला थेट दिसे ती सुमारे ८९६ एमबी रॅम. ६४ जीबी म्हणजे ४ केबीची १,६७,७७,२१६ पानं. दर पानाच्या नोंदीला ३२ बाइट धरले तरी नुसती नोंदवही ५१२ एमबीची! घरापेक्षा घरपट्टीचं दप्तर मोठं, अशातली गत.

जानेवारी २००१मध्ये आलेल्या लिनक्स २.४ने वरची मेमरी लागेल तेवढीच तात्पुरती समोर आणायची सोय दिली. खऱ्या पत्त्यासाठी पुढे वेगळा टाइपही आला. पूर्णांक आणि पत्ता या दोन गोष्टी आहेत, हे कोडमध्ये नावानिशी लिहावं लागलं.

२००३च्या ऑप्टेरॉनमध्ये एएमडीने ६४ बिटांचा पत्ता आणला, पण त्यातले ४८च वापरले; तेवढ्यात २५६ टीबी मावतात. उरलेले बिट रिकामे असले तरी त्यांत स्वतःचं काही ठेवायला मनाई होती. पत्ता वापरताना ते सगळे ४८व्या बिटासारखेच हवेत, नाहीतर चिप पत्ता नाकारते. ही कडकपणाची गरज मॅकिंटॉशने (१९८४) आधीच दाखवून दिली होती. त्याच्या चिपचा पत्ता २४ बिटांचा आणि रकाना ३२चा. मोकळ्या आठ बिटांत प्रोग्रामरांनी आपापल्या खुणा ठेवल्या; १९९१मध्ये सिस्टिम ७ने ३२ बिटांचे पत्ते आणले, तेव्हा ते प्रोग्राम कोसळू लागले.

मनाई असूनही सवय गेली नाही. वापरण्याआधी खुणा पुसल्या की चिपला काही कळत नाही. म्हणून लिनक्स ४.१४ने (२०१७) ५७ बिटांचे पत्ते स्वीकारले, तरी प्रोग्रामने स्वतःहून मागितल्याशिवाय कर्नल जुन्या हद्दीपलीकडची जागा देत नाही. नवी वसाहत आखून तयार आहे. जुन्या भाडेकरूंनी रिकाम्या खोल्यांत सामान ठेवलं असेल, हे मात्र कर्नलने धरून ठेवलं आहे.