परदेशात वटणारी पत : पहिल्या क्रेडिट कार्डाची कुळकथा

परदेश प्रवासाला निघालेल्या माणसाला बँक जे पहिले क्रेडिट कार्ड देते, त्यात दोन निरनिराळ्या मंजुऱ्या एकत्र आलेल्या असतात आणि त्या दोहोंची कुळे वेगवेगळी आहेत. एक मंजुरी माणसाची पत पाहून दिली जाते, म्हणजे त्याने आज केलेला खर्च तो उद्या फेडील, असा विश्वास कोणीतरी त्याच्यावर टाकलेला असतो. दुसरी मंजुरी चलनाची असते, म्हणजे देशाच्या परकीय चलनातील काही वाटा या खर्चापोटी बाहेर जाऊ द्यावा, असे सरकारने मान्य केलेले असते. गोंदियासारख्या जिल्ह्यातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा श्रीलंका-थायलंडमधील बौद्ध स्थळांच्या दर्शनासाठी निघालेल्याला अर्ज भरताना या दोन परंपरांचा भेद जाणवत नाही. परंतु त्याचा अर्ज कोठे आणि का अडतो, हे समजून घ्यायचे तर दोन्ही कुळे मुळापासून पाहावी लागतात.

पहिल्या कुळाचा भारतीय मूळपुरुष म्हणजे हुंडी. एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या आपल्या पेढीवर किंवा आडत्यावर लिहिलेला, अमुक रक्कम अमुक माणसास द्यावी असा आदेश म्हणजे हुंडी होय. ती दाखवताक्षणी पैसे द्यायचे असल्यास तिला दर्शनी आणि ठरलेल्या दिवसांनी द्यायचे असल्यास मुदती म्हणत, तर या व्यवहारात कापला जाणारा बट्टा म्हणजे हुंडणावळ. यात्रेकरूंना तिचा उपयोग किती सहज ठाऊक होता, हे नरसी मेहतांच्या कथेवरून दिसते. द्वारकेला निघालेले यात्रेकरू वाटेतील लुटारूंच्या भयाने रोख रक्कम जुनागढलाच ठेवू पाहतात, नरसी मेहता द्वारकेच्या शामळशा शेठजींच्या नावाने हुंडी लिहून देतात आणि त्या नावाची पेढीच गावात नसताना प्रत्यक्ष भगवंत ती हुंडी सकारतात, म्हणजे तिचे पैसे चुकते करतात, ही कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’मुळे मराठी कीर्तनपरंपरेतही रुजली. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला, तरी तिच्यातील व्यवहार अगदी नेमका आहे: ज्या गावी जायचे तेथे आपली हुंडी सकारणारा कोणी नसेल, तर प्रवाशाच्या हातातील कागदाला काहीच मोल नसते.

हुंडीच्या प्रकारांत या लेखाच्या दृष्टीने शाहजोग हुंडी सर्वांत महत्त्वाची होय. तिचे पैसे येईल त्याला मिळत नसत. बाजारात ज्याची प्रतिष्ठा आहे अशा शाहालाच, म्हणजे मान्यवर व्यापाऱ्यालाच ते द्यायचे असत, आणि पुढे हुंडी बनावट निघाली तर घेतलेली रक्कम व्याजासह परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. परगावी आलेल्या अनोळखी माणसाला म्हणून आधी तेथील एखादा शाह गाठावा लागे आणि त्याने ओळख पटवून घेतल्यावरच पैसे हाती पडत. पत ठरवण्याचे काम अशा रीतीने दोन टोकांना वाटलेले होते: लिहिणाऱ्याला सकारणारा ओळखत असे आणि आणणाऱ्याला शाह. हुंडी हरवली तर पैठ नावाची दुसरी प्रत, तीही हरवली तर परपैठ, अशी सोय होती. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने, म्हणजे धनादेश, वचनचिठ्ठी वगैरे हस्तांतरणीय कागदांच्या कायद्याने, देशी भाषांत लिहिलेल्या अशा दस्तऐवजांविषयीची स्थानिक वहिवाट कायम ठेवली, यावरून ती किती मुरलेली होती याची कल्पना येते.

हुंडीच्या लेखनातील एक बारकावा येथे मुद्दाम पाहण्यासारखा आहे. रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून ती एकदाच लिहून भागत नसे. रुपये पाचशे, ज्यांचे निम्मे अडीचशे, त्याचे दुप्पट पुरे द्यावे, अशा धाटणीने तीच रक्कम निमपट-दुपटीने पुन्हा बांधली जाई, जेणेकरून एक आकडा बदलणाऱ्याला दुसराही बदलावा लागावा. आजच्या कार्डावरील बहुधा सोळा आकड्यांच्या क्रमांकातही अशीच एक पडताळणी दडलेली आहे. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लुन यांनी १९५४ मध्ये पेटंटासाठी मांडलेल्या रीतीनुसार शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. त्याच्या डावीकडच्या आकड्यापासून एकाआड एक आकडे दुप्पट करायचे, दुप्पट केलेली संख्या नऊपेक्षा मोठी झाल्यास तिच्यातील दोन अंकांची बेरीज घ्यायची, आणि मग सर्व आकड्यांच्या बेरजेला दहाने निःशेष भाग गेला पाहिजे. या दोन रीतींचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध नाही आणि त्यांचा हेतूही एक नाही, कारण हुंडीची रीत लबाडी रोखण्यासाठी होती, तर लुन यांची रीत आकडा लिहिताना होणारी चूक पकडण्यासाठी आहे. तरीही दूरच्या माणसाने न पाहता विश्वास ठेवावा असा कागद घडवताना दुप्पट करण्याच्या त्याच साध्या गणिताकडे दोन्ही परंपरा वळल्या, ही गोष्ट लक्षणीय वाटते.

गोंदियाच्या बाजाराची घडण हुंडी चलनात असतानाच्या काळात झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग येथून गेला, विसाव्या शतकाच्या आरंभी नैनपूर आणि नागभीडकडे जाणारे अरुंद मापाचे फाटे येथे जोडले गेले, आणि धान, तेंदूपाने, लाख व इमारती लाकूड यांच्या व्यापारासाठी मारवाडी, गुजराती आणि कच्छी व्यापारी येथे स्थिरावले. मध्य प्रांतात कामठीच्या बन्सीलाल अबीरचंद यांच्यासारख्या पेढ्यांचे जाळे होते, आणि अशा बाजारात धानाचा गिरणीवाला, आडत्या व सावकार यांचे हिशेब वहीखात्यावर व परस्परांच्या नावावर चालत. या व्यवस्थेत गोंदियाच्या व्यापाऱ्याची पत कोठपर्यंत पोहोचते, हे त्याचे नाव किती बाजारांत ठाऊक आहे यावर ठरे. समुद्रापलीकडे मात्र ते नाव चालत नसे.

समुद्रापलीकडील प्रवासासाठी युरोपात वेगळी साधने तयार झाली. रॉबर्ट हेरीस या स्कॉटिश बँकरने १७७२ मध्ये लंडनहून काढलेल्या फिरत्या नोटा युरोपातील अनेक शहरांत वटत आणि त्यांच्यासोबत प्रवाशाच्या सहीचा नमुना असलेले ओळखपत्र असे. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने १८९१ मध्ये आणलेल्या प्रवासी धनादेशात ते ओळखपत्रही कागदातच सामावले गेले: एक सही विकत घेताना, दुसरी वटवताना, आणि दोन्ही जुळल्या की पैसे. परंतु या दोन्ही साधनांत प्रवाशाला पैसे आधी भरावे लागत. आधी खर्च आणि मागाहून भरणा ही रीत १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रँक मॅकनमारा यांनी स्थापलेल्या डायनर्स क्लबने उपाहारगृहांपासून सुरू केली. १९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे साठ हजार कार्डे कोणी न मागता टपालाने धाडून दिली. त्याच कार्डाच्या व्यवस्थेला पुढे १९७६ मध्ये व्हिसा हे नाव मिळाले. पत न तपासता पत वाटण्याचा हा प्रयोग होता, त्यातून बुडीत रकमाही बऱ्याच झाल्या, आणि भारतात तर न मागितलेले कार्ड देण्यास रिझर्व्ह बँकेची स्पष्ट मनाई आहे.

दुसरे कूळ, म्हणजे चलनाच्या परवानगीचे, भारतात ३ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरले त्या दिवशी, भारत संरक्षण नियमांखाली सुरू झाले. युद्धकाळापुरता वाटणारा हा बंदोबस्त १९४७ च्या कायद्याखाली पुढे चालू राहिला आणि १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, ज्याला सर्वजण ‘फेरा’ म्हणून ओळखतात, तो अधिक कडक केला. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ‘पी फॉर्म’ नावाच्या अर्जावर रिझर्व्ह बँकेची संमती घ्यावी लागे, आणि एके काळी परदेशी निघालेल्याला अवघे आठ डॉलर मिळत. या बंदोबस्ताची सर्वांत बोलकी खूण म्हणजे १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हज यात्रेकरूंसाठी काढलेल्या दहा व शंभर रुपयांच्या खास नोटा. त्या भारतात नव्हे, तर सौदी अरेबियातच चालवायच्या होत्या. यात्रेकरूच्या खिशातले चलनसुद्धा वेगळे ओळखू यावे इतकी सरकारची नजर त्या काळी बारीक होती.

या वातावरणात भारतात क्रेडिट कार्ड आले, तेव्हा ते देशापुरतेच असणे स्वाभाविक होते. डायनर्स क्लबचे कार्ड काली मोदी यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत आणले, आणि १९८० मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाने ‘सेंट्रलकार्ड’ काढून भारतीय बँकेच्या कार्डाची सुरुवात केली. नंतरची कित्येक वर्षे बँकांच्या कार्डांवर ती केवळ भारत व नेपाळमध्ये वैध असल्याचे छापलेले असे. १९९१ च्या आर्थिक संकटानंतर धोरण पालटले, १९९४ च्या ऑगस्टमध्ये भारताने चालू खात्यावरील, म्हणजे व्यापार, प्रवास, शिक्षण यांसारख्या नित्य व्यवहारांवरील, चलननिर्बंध न ठेवण्याची आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची अट स्वीकारली, आणि १ जून २००० पासून ‘फेरा’च्या जागी ‘फेमा’ हा सौम्य कायदा लागू झाला. ४ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झालेल्या योजनेखाली एका व्यक्तीला वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर नेता येऊ लागले. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. अशा प्रकारे दुसरी मंजुरी पुष्कळच सैल झाली आणि अडण्याची जागा पुन्हा पहिल्या मंजुरीकडे, म्हणजे पतीकडे, सरकली.

येथे गोंदिया जिल्ह्याची स्थिती विशेष विचार करण्याजोगी आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यतः धानउत्पादकांचा आहे, आणि तिरोडा, आमगाव किंवा अर्जुनी मोरगावच्या शेतकरी घरात क्रेडिट कार्ड हे नाव पहिल्यांदा शिरले ते बहुधा १९९८ मध्ये सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डामुळे. हे कार्ड म्हणजे वस्तुतः पीककर्जाची फिरती मर्यादा होय: धानाच्या एकरी किंवा हेक्टरी खर्चाचा जो दर जिल्हास्तरीय समिती ठरवते, त्याला सातबाऱ्यावरील क्षेत्राने गुणून ही मर्यादा मुख्यतः निघते. यात मंजुरी जमिनीला मिळते, माणसाला तिच्यामागून मिळते; आणि हे कार्ड परदेशातील हॉटेलात चालण्यासाठी घडवलेलेच नाही. शाहाच्या ओळखीवरून सातबाऱ्यावर आणि सातबाऱ्यावरून पुढे गुणांकावर, असा पत ठरवण्याच्या आधाराचा प्रवास एकाच जिल्ह्यात एका शतकाच्या आत झालेला दिसतो.

गुणांकाची व्यवस्था ‘सिबिल’ या नावाने घरोघरी पोहोचली आहे. कर्जदारांची माहिती बँकांनी एका ठिकाणी जमा करावी, या सिद्दिकी समितीच्या शिफारशीनंतर २००० मध्ये ही संस्था उभी राहिली आणि २००५ च्या कायद्याने अशा पतमाहिती कंपन्यांना वैधानिक आधार मिळाला. तिचा गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो आणि तो पूर्वीची कर्जे व कार्डांची देयके वेळेवर फेडली की नाही यावर ठरतो. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही, त्याला वाईट गुणांक नसतो; त्याला गुणांकच नसतो. किराणा दुकानातील वर्षानुवर्षे चुकती केलेली उधारी, आडत्याकडची उचल, बचतगटातील शिस्त यांपैकी पहिल्या दोन गोष्टी तर कोठेच नोंदल्या जात नाहीत. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने अनेक धानउत्पादकांकडे विवरणपत्रही नसते. ज्याच्या शब्दावर गावात लोक निर्धास्त पैसे देतात, तो माणूस बँकेच्या नोंदीत कोराच राहतो, हा या व्यवस्थेतील खरा अन्याय आहे आणि तो तांत्रिक अडचण म्हणून सोडून देण्याजोगा नाही. याची दखल घेतली जाऊ लागली आहे: केवळ पतइतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत असल्याचे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२५ मध्ये लोकसभेत सांगितले.

व्यवहारात अशा माणसासाठी मुदत ठेवीवर दिले जाणारे कार्ड हाच सोपा मार्ग असतो. बँकेत ठेव ठेवायची, ती तारण म्हणून अडकते आणि तिच्या साधारण तीन-चतुर्थांश ते नव-दशांश इतकी खर्चाची मर्यादा मिळते. येथे प्रवाशाचा जामीन त्याचा स्वतःचाच पैसा असतो. तरीही मासिक देयके वेळेवर भरली की गुणांक तयार होतो आणि काही काळाने ठेवीविना कार्ड मिळण्याची वाट मोकळी होते. म्हणून प्रवासाच्या किमान सहा महिने ते वर्षभर आधी हे कार्ड काढणे हिताचे ठरते. परदेशात हॉटेल किंवा भाड्याची गाडी घेताना अनामत म्हणून जी रक्कम रोखून धरली जाते, ती डेबिट कार्डावर खात्यातील खऱ्या पैशांतून अडकते, तर क्रेडिट कार्डावर केवळ मर्यादेतून. प्रवाशाला या कार्डाची खरी गरज येथेच भासते. परकीय चलनातील खर्चावर पुष्कळ बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास अधिभार आणि त्यावर वस्तू व सेवा कर लावतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

चलनाची परवानगी मात्र आता जवळजवळ प्रवाशाच्याच हाती आली आहे. २०२० पासून नवे कार्ड देशांतर्गत यंत्रांपुरतेच सुरू करून दिले जाते, आणि परदेशी वापर मोबाइलवरील बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून कार्डधारकालाच सुरू करून घ्यावा लागतो व त्याची मर्यादाही त्यालाच ठरवता येते. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने परदेशातील क्रेडिट कार्डाचा खर्च वार्षिक अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजण्याचा नियम आणला होता. त्यावर मोठी चर्चा झाली आणि २८ जून २०२३ रोजी त्याची अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली. लुंबिनीच्या यात्रेला नेपाळमध्ये जाणाऱ्याला चलनाच्या या परवानगीचा उपयोग नाही, कारण नेपाळ व भूतानच्या प्रवासासाठी भारतातून परकीय चलन घेण्यास अजूनही मनाई आहे आणि तेथील व्यवहार रुपयातच होतो.