मुदतीच्या आत पोचणारे प्रक्षेपण

समजा, घोटीतल्या एका मोबाइल टॉवरकडे भाताच्या आवणीच्या दिवसांत तीन प्रकारची माहिती मागितली जाते: भातगिरणीतला दर, नाशिककडच्या गाडीची वेळ आणि दारणा नदीत सोडलेल्या पाण्याची खबर. टॉवरने एक उत्तर प्रक्षेपित केले की ते मागणाऱ्या सगळ्यांना एकाच वेळी मिळते. मात्र एका वेळी एकच उत्तर हवेत जाऊ शकते. मग आधी कोणते पाठवायचे?

लिऊ आणि लेलँड यांनी 1973 मध्ये सिद्ध केले, की ठराविक काळाने पुन्हा येणारी आणि मधेच थांबवता येणारी कामे एकाच प्रोसेसरवर मुदतीत बसण्यासारखी असतील, तर 'जवळची मुदत आधी' हा नियम ती बसवतोच. गर्दी झाली की मात्र हा नियम प्रक्षेपणात घात करतो. गाडीची वेळ एकानेच विचारली आहे, मुदत 2 सेकंद. पाण्याची खबर नऊ जणांना हवी आहे, मुदत 3 सेकंद. प्रत्येक उत्तराला 2 सेकंद लागतात. एकाचे काम आधी केले, तर नऊ जणांची मुदत टळते. उलट, केवळ मागणी मोजली, तर अनेकांनी मागितलेला, पण तासाभराची सवड असलेला दर पुढे घुसतो आणि निकडीचे मागे पडते.

झू, तांग आणि ली यांनी 2006 मध्ये मांडलेल्या 'सिन' पद्धतीत उरलेल्या मुदतीला मागणाऱ्यांच्या संख्येने भागतात. भागाकार सर्वांत लहान त्याची पाळी आधी. इथे गाडीचा भागाकार 2, पाण्याचा एक तृतीयांश. म्हणून पाणी आधी. ही पद्धत मला पटते, पण तिच्या लेखी सगळ्या मागण्या सारख्याच मोलाच्या. शिवाय खाचरात वाकलेला माणूस पुराची खबर मागतच नाही. त्याची मागणी शून्य, म्हणून त्याची पाळी कधीच येणार नाही.

अशा न मागितलेल्या खबरीसाठी सेल ब्रॉडकास्ट, म्हणजे टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनांना एकदम संदेश पाठवण्याची सोय आहे; भारतात 2023 मध्ये तिच्या चाचण्या झाल्या. जुन्या जीएसएम जाळ्यात तिचे एक पान 82 बाइटचे असते आणि जायला सुमारे 1.88 सेकंद घेते. रोमन लिपीतली 93 चिन्हे त्यात मावतात, देवनागरीतली सुमारे 40, कारण तिथे प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात. शिवाय काना-मात्राही वेगळी मोजली जाते; 'घोटी' हा शब्द चार चिन्हांचा. म्हणजे 200 चिन्हांच्या मराठी इशाऱ्याला 5 पाने, सुमारे साडेनऊ सेकंद; तेवढ्याच रोमन मजकुराला 3 पाने, साडेपाच सेकंद. एखादे पान चुकले, तर पुढच्या फेरीपर्यंत थांबणे आले.

म्हणून मराठी इशारा दोन पानांत बसवावा: कोणते गाव, कोणती नदी, कुठे जायचे. पाणी गावाशी पोचेपर्यंत दर दुसरी पाळी त्यालाच राखून ठेवावी, कारण फोन उशिरा रेंजमध्ये येणाऱ्यालाही तो मिळायला हवा. 'सिन'चा भागाकार उरलेल्या पाळ्यांपुरता लावावा.