देवाचे रान, पूर्वजांचे दगड

महाडहून पोलादपूरमार्गे आंबेनळी घाटाकडे किंवा वरंध घाटाकडे निघालो, की उन्हाळ्यात बरेचसे डोंगरउतार उघडे दिसतात. गवत वाळलेले असते आणि शेतांत राब भाजल्याच्या काळ्या खुणा असतात. मध्येच एखाद्या वाडीच्या वरच्या अंगाला गर्द हिरवा ठिपका दिसतो. तिथे वाघजाई, काळकाई, झोलाई किंवा भैरवाचे ठाणे असणार, हे स्थानिक माणसाला न विचारताही कळते. ती देवराई. पाऊस तोच, माती तीच. मग एवढेच रान का टिकले? या प्रश्नाचे उत्तर वनस्पतिशास्त्राइतकेच इतिहासातही शोधावे लागते.

कोकणातल्या अनेक देवरायांत देवाच्या मूर्तीबरोबर कोरीव दगड उभे असतात. लढाईत किंवा गुरे राखताना मेलेल्या वीराची आठवण म्हणून उभारलेला तो वीरगळ. त्याच्याशेजारी कधी सतीशिळा. म्हणजे देवराई ही केवळ देवाची जागा नव्हे. ती गावाच्या मृतांचीही जागा आहे. जिथे पूर्वज आहेत तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, हा संकेत जगात इतरत्रही आढळतो. ब्रिटनमधल्या जुन्या चर्चच्या दफनभूमीत यू नावाची प्राचीन झाडे टिकली आहेत. स्कॉटलंडमधील फोर्टिंगलचे यू झाड निदान दोन हजार वर्षांचे मानतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात उंच गवताची मूळ कुरणे नांगराखाली गेली. त्यांचा हजारातला एक भागही उरला नाही. जे तुकडे उरले, त्यांतले काही पहिल्या वसाहतकऱ्यांच्या दफनभूमींत आहेत, कारण थडग्यांवर कोणी नांगर घातला नाही. या लोकांनी निसर्गरक्षण करायचे असे ठरवले नव्हते. त्यांनी मृतांचा मान राखला आणि गवत आपोआप राखले गेले.

आपल्याकडे ही प्रथा किती जुनी असावी? दा. ध. कोसंबी यांनी 1962 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात मातृदेवतांच्या रायांचा संबंध नांगरशेतीपूर्वीच्या समाजाशी जोडला. झाडे राखण्याची जाणीव पुढे राज्यकारभारातही दिसते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगताना, रयतेने वाढवलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये असे बजावले आहे.

इंग्रजी अमलात चित्र बदलले. 1878 च्या वनकायद्याने जंगलांचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले. काही देवराया सरकारी जंगलात गेल्या, तर काही खाजगी मालकीच्या किंवा देवस्थानाच्या नावावर राहिल्या. बाहेरच्या रानावर तीन बाजूंनी ताण होता: भाताच्या राबासाठी दरवर्षी होणारी फांद्यांची छाटणी, गुरांची चराई आणि शहरांसाठी पाडला जाणारा कोळसा. देवराईत मात्र वाळकी काटकी उचलायलाही अनेक ठिकाणी बंदी होती. मोठे झाड तोडायचे तर आधी देवाला कौल लावावा लागे.

या रायांचा शास्त्रीय अभ्यास 1970 च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी केला. त्यांच्या लेखनात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावाची हकिकत येते. तिथली देवराई वनखात्याच्या तोडीत जाणार असे दिसताच गावकऱ्यांनी या अभ्यासकांकडे मदत मागितली. त्यांचे कारण देवापुरते नव्हते: गावाचा झरा त्या रानातून येत होता.

देवराईत नेमके काय टिकते? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे म्हातारी झाडे. धनेशाची मादी अंडी घालताना झाडाच्या ढोलीत स्वतःला जवळजवळ कोंडून घेते आणि नर बाहेरून फळे भरवतो. एवढी मोठी ढोली बेहडा, सातवीण यांच्या जुन्या, जाड खोडातच मिळते. सतत छाटल्या जाणाऱ्या ऐनाला ती कधीच पडत नाही. धनेश फळांच्या बिया दूरवर टाकतो. म्हणजे एका म्हाताऱ्या झाडामागे आसपासच्या डोंगरांवरील नव्या झाडांची शक्यता असते. गारंबीसारख्या अजस्र वेलींनाही असेच जुने आधार लागतात. पालापाचोळ्याच्या थरामुळे पावसाचा मारा थेट मातीवर बसत नाही. पाणी सावकाश मुरते.

मात्र देवराईकडून अवास्तव अपेक्षा करू नये. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. अतिवृष्टीत खोलवरचा थर सुटतो तेव्हा झाडांची मुळे त्याला अडवू शकत नाहीत. उथळ माती धरून ठेवणे आणि पाणी मुरवणे हे त्यांचे काम; धोक्याच्या उतारावरील वस्ती हलवण्याला ते पर्याय नव्हे. शिवाय एक-दोन एकरांचा तुकडा चारी बाजूंनी उघडा पडला, की कडेने ऊन, वारा आणि गुरे आत शिरतात. वरची झाडे भव्य दिसतात, पण खाली रोपेच नसतात. अशी राई उभी असूनही म्हातारी होत जाते.

आज कुऱ्हाडीइतकाच धोका जीर्णोद्धाराचा आहे. कौलारू घुमटीच्या जागी सिमेंटचे देऊळ येते, त्याला सभामंडप, मंडपाला रस्ता, रस्त्याला वाहनतळ. देव राहतो, रान जाते. वीरगळ कुठेतरी भिंतीशी टेकवले जातात. देवाच्या भीतीने राखलेले रान, ती भीती ओसरल्यावर कोणत्या कारणाने राखायचे? गाणीच्या लोकांनी दिलेले कारण, झऱ्याचे पाणी, आजही तितकेच खरे आहे. ते मुलांना मोजून पाहता आले पाहिजे.

शिक्षकांना हे सहज करता येईल. गावकऱ्यांची आणि गुरवांची परवानगी घ्यावी, काही तोडू नये. दहा मीटर लांब-रुंद चौरस आखून त्यातली मोठी झाडे आणि गुडघ्याएवढी रोपे वेगळी मोजावीत. तसाच चौरस बाहेरच्या माळावर घ्यावा. दोन्हीकडे मातीचे तापमान दुपारी एकाच वेळी पाहावे. वीरगळांची चित्रे काढून वृद्धांकडून त्यांच्या कथा टिपून घ्याव्यात. ही वही शाळेत ठेवून दरवर्षी पुढच्या वर्गाने त्याच चौरसात पुन्हा मोजणी करावी. रोपांचा आकडा घटत गेला, तर ती वही घेऊन ग्रामसभेत जाता येईल.