युद्धाची चित्रमय साक्ष : जपानी 'एमाकी'

मजकूर आणि चित्रे आळीपाळीने मांडलेल्या लांबलचक जपानी गुंडाळीला 'एमाकी' असे म्हणतात. ती भिंतीवर टांगली जात नाही. समोर ठेवून, डाव्या हाताने उलगडत आणि उजव्या हाताने गुंडाळत, ती उजवीकडून डावीकडे पाहिली जाते. एका वेळी हातभर चित्रच नजरेसमोर राहत असल्याने प्रसंग पुढे सरकत असल्याचा भास होतो. तेराव्या शतकात, सामुराई योद्ध्यांच्या हाती सत्ता आल्यानंतर, या कलेत युद्धाला ठळक स्थान मिळाले.

क्योतोतील ११५९च्या हेइजी बंडावरील चित्रमालिका या प्रकारातील सर्वांत नावाजलेली होय. तिचा 'सांजो राजवाड्यावरील रात्रीचा हल्ला' हा सुमारे सात मीटर लांबीचा भाग अमेरिकेतील बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. बंडखोरांनी निवृत्त सम्राट गो-शिराकावा यांना पळवून नेल्याचा हा प्रसंग. धडधडत्या ज्वाळा, उधळलेले घोडे आणि जीव वाचवण्यासाठी धावणारी माणसे चित्रकाराने विलक्षण ताकदीने रंगवली आहेत. मात्र हे चित्रण घटनेनंतर सुमारे शतकभराने झालेले आहे.

'मोको शूराई एकोतोबा' या दोन गुंडाळ्यांची गोष्ट वेगळी. कुब्लाईखानाच्या सैन्याने १२७४ आणि १२८१ मध्ये जपानवर स्वाऱ्या केल्या. दोन्ही वेळा लढलेला क्यूशू बेटावरील सामान्य सामुराई ताकेझाकी सुएनागा याने स्वतःच त्या तयार करवून घेतल्या. पहिल्या लढाईत त्याच्यासोबत मोजकेच स्वार होते. बाणांनी घायाळ झालेला त्याचा घोडा आणि शेजारी फुटणारा बॉम्बगोळा हे दृश्य आज जगप्रसिद्ध आहे. तशा प्रकारचे गोळे ताकाशिमा बेटाजवळ समुद्रतळाशी सापडले आहेत. तथापि, स्फोटाजवळचे तीन मंगोल सैनिक मागाहून रंगवले गेले असावेत, असे काही अभ्यासक मानतात.

खरा संघर्ष मात्र युद्धानंतरचा होता. लढाई बचावाची असल्याने शत्रूची जमीन हाती आली नाही. मग योद्ध्यांना बक्षीस द्यायचे कशातून? पराक्रमाची दखल न घेतली गेल्याने सुएनागाने घोडे आणि खोगिरे विकून १२७५ मध्ये थेट कामाकुरा गाठले. तेथील अधिकारी आदाची यासुमोरी याच्यासमोर त्याने आपली कैफियत मांडली. अखेर त्याला जमिनीच्या कारभाराचा हक्क आणि एक घोडा मिळाला. हा दरबारी प्रसंगही गुंडाळीत रंगवलेला आहे. पुढे १२८५ मध्ये यासुमोरी सत्तासंघर्षात मारला गेला. त्याच्याविषयीची कृतज्ञता हे या चित्रांमागील एक कारण असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

या गुंडाळ्या तोक्योतील राजघराण्याच्या संग्रहालयात असून, २०२१ मध्ये त्यांना 'राष्ट्रीय ठेवा' हा दर्जा देण्यात आला. सेनापतींच्या विजयगाथा अनेक असतात. हक्काच्या बक्षिसासाठी दारोदार फिरलेल्या साध्या शिपाईगड्याने मागे ठेवलेली अशी साक्ष मात्र विरळाच.